रिव्हिएरा, फ्रेंच

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातील भूमध्य समुद्राचा इतिहासप्रसिद्ध किनारा व जगातील एक जुना पर्यटनप्रदेश. ‘रिव्हिएरा’ हा मूळ इटालियन शब्द असून त्याचा अर्थ समुद्रकिनारा असा आहे. व्यापक अर्थाने ही संज्ञा इटलीतील ला स्पेत्स्यापर्यंतच्या सलग किनारपट्टीस लावतात. फ्रेंच रिव्हिएरा म्हणजे इटलीच्या सरहद्दीवरील मँतोंपासून पश्चिमेकडे पसरलेला भाग. त्याची पश्चिम हद्द कोणी सँ-त्रोपेपर्यंत, तर कोणी इएर व तूलाँपर्यंत मानतात. फ्रेंच भाषेत या प्रदेशास ‘कोत दाझ्यूर’ म्हणजे ‘निळा किनारा’ असे नाव आहे. ते प्राचीन नाही. स्तेफाँ लिएझार या लेखकाच्या १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे ते रूढ झाले. नीस (लोकसंख्या सु. साडेतीन लाख) हे येथील सर्वांत मोठे शहर असून कान, अँतीब, मँतों, ग्रास व सँ-त्रोपे ही इतर प्रसिद्ध स्थळे होत. मोनॅको हे सार्वभौम संस्थान याच किनाऱ्यावर, तीन बाजूंनी फ्रेंच भूमीने वेढलेले आहे.

सागरी आल्प्स पर्वताच्या रांगा येथे थेट समुद्रापर्यंत उतरतात. त्यामुळे उत्तरेकडील थंड वारे अडले जातात आणि हिवाळा सौम्य राहतो. नीसचे जानेवारीतील सरासरी तपमान सु. ९° से. असते. पावसाचा जोर शरद ऋतूत अधिक असतो, तर उन्हाळा कोरडा जातो. ऑलिव्ह व लिंबू वर्गातील झाडे येथे फार पूर्वीपासून आहेत. परंतु ज्या ताडवृक्षांमुळे, मिमोझाच्या पिवळ्या फुलांमुळे व निलगिरीमुळे हा किनारा चित्रांतून ओळखू येतो, ती झाडे बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील हौशी बागवानांनी बाहेरून आणून लावलेली आहेत. पश्चिमेकडील एस्तेरेल डोंगराचे तांबडे खडक मात्र अस्सल स्थानिक. नीसचा किनारा वाळूचा नसून करड्या गोट्यांचा आहे, हे प्रथमच येणाऱ्या प्रवाशास बहुधा अनपेक्षित वाटते.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : नीसमधील तेरा आमाता या ठिकाणी १९६६ मध्ये आंरी द ल्यूमले याने केलेल्या उत्खननात सु. चार लाख वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे अवशेष व अग्निकुंडाच्या खुणा सापडल्या. ऐतिहासिक काळात येथे लिग्युरियन टोळ्यांची वस्ती होती. मॅसिलिया (आधुनिक मार्से) येथील ग्रीक वसाहतवाल्यांनी किनाऱ्यालगत नायकिया (नीस) व अँटिपोलिस (अँतीब) ही व्यापारी ठाणी वसविली. रोमनांनी नीसमागील टेकडीवर सेमेनेलम हे नगर उभारून ते सागरी आल्प्स प्रांताचे मुख्य ठिकाण केले. तीच आजची सीमिए ही वस्ती होय. ऑगस्टसने आल्प्समधील टोळ्यांवर मिळविलेल्या विजयाचे स्मारक ला त्यूर्बी येथे इ. स. पू. ७–६ च्या सुमारास उभारण्यात आले. त्यावरील लेखात जिंकलेल्या ४५ टोळ्यांची नावे कोरलेली होती. पुढे त्या स्मारकाचे दगड आसपासच्या बांधकामांसाठी नेण्यात आले, तरी त्याचा उर्वरित भाग आजही दुरून दिसतो.

रोमन साम्राज्य मोडल्यानंतर किनाऱ्याचे जीवन असुरक्षित झाले. पाचव्या शतकाच्या आरंभी सेंट ऑनोराटस याने कानसमोरील लेरँ बेटावर स्थापन केलेला मठ विद्येचे केंद्र म्हणून नावारूपास आला; परंतु नवव्या शतकाच्या अखेरीस फ्राक्सिनेट येथे ठाणे करून बसलेल्या सॅरसेनांच्या धाडींनी हा सर्व मुलूख त्रस्त झाला. सु. ९७३ मध्ये प्रॉव्हांसच्या सरदारांनी त्यांचा मोड केला. एझ, सँ-पोल यांसारखी डोंगरमाथ्यावरील तटबंदीची गावे या असुरक्षिततेची साक्ष देतात. आज तेथे समुद्राच्या देखाव्यासाठी गर्दी होते. पण त्या गावांच्या मूळ रहिवाशांनी उंचावरून समुद्राकडे पाहिले ते संकट केव्हा येते, हे कळण्यासाठी.

१२९७ मध्ये फ्रान्स्वा ग्रीमाल्दी याने भिक्षूचा वेष घेऊन मोनॅकोचा खडकी किल्ला काबीज केला, असे सांगतात. मोनॅकोच्या राजमुद्रेवर तलवारधारी भिक्षू आहेत, ते याच प्रसंगामुळे. १३८८ मध्ये नीसने प्रॉव्हांसशी संबंध तोडून सॅव्हॉयच्या घराण्याचे स्वामित्व पत्करले. तेव्हापासून, अधूनमधूनचा फ्रेंच अंमल वगळता, जवळजवळ पावणेपाचशे वर्षे व्हार नदी ही दोन राज्यांमधील सीमा राहिली. अँतीब व कान फ्रान्सची, नीस सॅव्हॉयचे आणि मँतों मोनॅकोचे, अशी या लहानशा किनाऱ्याची वाटणी होती. १५४३ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि तुर्की सेनानी बार्बारोसा यांच्या संयुक्त आरमाराने नीसला वेढा घातला. शहर पडले, पण गढी लढत राहिली. कातरीन सेग्युरान नावाच्या धोबिणीने एका तुर्की निशाणधाऱ्यास कपडे धुण्याच्या बडवणीने लोळवून लोकांना धीर दिला, ही कथा नीसमध्ये घरोघर माहीत आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. तथापि शहराने तिचे स्मारक उभारले आहे. ती गढी पुढे १७०६ मध्ये चौदाव्या लुईच्या आज्ञेवरून पाडण्यात आली.

हिवाळी पाहुण्यांचा उदय : अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा किनारा गरीब कोळ्यांचा व ऑलिव्ह पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा होता. समुद्रमार्गे किंवा खडकातील अरुंद वाटांनी खेचरावर बसूनच येथे पोहोचता येई. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार व वैद्य एकुलत्या एका मुलीच्या मृत्यूने खचलेला आणि छातीच्या विकाराने त्रस्त अशा स्थितीत १७६३ च्या अखेरीस नीसला आला व १७६५ पर्यंत राहिला. तो चालू समजुतीविरुद्ध समुद्रात स्नान करू लागला तेव्हा स्थानिकांना नवल वाटले. त्याच्या १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात नीसच्या रहिवाशांविषयी फारसे चांगले शब्द नाहीत. परंतु तेथील हवेची नोंद त्याने वैद्याच्या बारकाईने ठेवली होती. वाचकांनी त्याचा त्रागा विसरून हवा तेवढी लक्षात ठेवली. शतकाच्या अखेरीस इंग्रज कुटुंबे हिवाळ्यात नीसच्या पश्चिमेकडील उपनगरात घरे भाड्याने घेऊन राहू लागली होती.

१८२१–२२ च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीने लिंबू व संत्र्यांच्या बागा जळाल्या आणि बेकार झालेले मजूर शहरात भीक मागू लागले. तेव्हा ल्यूइस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या देशबांधवांकडून वर्गणी जमवून त्या मजुरांकडून समुद्रकाठाने एक पायवाट तयार करून घेतली. स्थानिक बोलीत तिला ‘इंग्रजांचा रस्ता’ म्हणू लागले. पुढे रुंद होत जाऊन तीच ‘प्रोमनाद देझांग्ले’ या विख्यात विहारमार्गाच्या रूपाने उरली. दुष्काळी कामातून निघालेला हा रस्ता यूरोपातील ऐषआरामाचे प्रतीक ठरावा, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योगायोग होय. १८३२ मध्ये सार्डिनियाच्या राजाने नीसच्या नव्या वस्तीची आखणी व इमारतींची दर्शनी रूपे यांवर देखरेख ठेवण्यासाठी एक मंडळ नेमले. शहराच्या आजच्या रेखीवपणाचे श्रेय बऱ्याच अंशी त्या मंडळाकडे जाते.

कानचा उदय एका अडथळ्यामुळे झाला. इंग्लंडचा माजी लॉर्ड चॅन्सलर हेन्री ब्रूम १८३४ मध्ये आजारी मुलीसह इटलीकडे निघाला असता पटकीच्या साथीमुळे व्हार नदीवरील सरहद्द बंद करण्यात आली होती. मागे फिरून तो कान या कोळ्यांच्या खेड्यात उतरला, तेथील हवेवर लुब्ध झाला आणि त्याने तेथे घर बांधले. ज्या मुलीसाठी हा सारा खटाटोप होता ती १८३९ मध्ये मरण पावली. घराला तिचे नाव देण्यात आले. ब्रूम पुढे जवळजवळ प्रत्येक हिवाळा तेथे घालवीत असे. १८६८ मध्ये तो कान येथेच वारला, तोवर ते खेडे उमरावांच्या बंगल्यांनी भरून गेले होते.

या पाहुण्यांपैकी पुष्कळांना आणणारे कारण क्षयरोग हे होते. या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये शोधून काढले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, कोरडी व उबदार हवा हाच उत्तर यूरोपातील वैद्यांचा मुख्य सल्ला होता. जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर स्वतः क्षयाने ग्रस्त होऊन १८५९ मध्ये मँतोंला आला. तेथे त्याची प्रकृती सुधारली आणि त्याने लिहिलेल्या पुस्तकामुळे ते लहानसे गाव रोग्यांचे शहर बनले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७३–७४ च्या हिवाळ्यात तेथे होता. चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली हा १८९८ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तेथेच निवर्तला. मँतोंच्या जुन्या गढीच्या जागेवरील दफनभूमीत इंग्रज, रशियन, जर्मन नावांचे दगड ओळीने उभे असून त्यांवरील वयाचे आकडे वाचले म्हणजे या आरोग्यधामाची दुसरी बाजू ध्यानात येते. हवा सौम्य होती, पण ती औषध नव्हती. शिवाय रोग्यांच्या सहवासाने स्थानिक मोलकरणी, धोबिणी व खानावळवाले यांना रोगाचा संसर्ग होत असणार, ही शंका बऱ्याच उशिरा घेतली गेली. शतकाच्या अखेरीस मात्र चित्र पालटले आणि अनेक हॉटेले खोकणाऱ्या प्रवाशांना दारातूनच परत पाठवू लागली.

भारतीय वाङ्‌मयाच्या इतिहासातही या पर्वाचा एक धागा गुंतलेला आहे. कलकत्त्याचे गोविनचंद्र दत्त हे १८६९ मध्ये सहकुटुंब यूरोपला गेले आणि काही महिने नीस येथे राहिले. त्यांच्या आरू व तोरू या मुली तेथील शाळेत फ्रेंच शिकल्या. तोरू दत्त यांचा फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचा संग्रह १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि फ्रेंच भाषेत लिहिलेली त्यांची कादंबरी मरणोत्तर, १८७९ मध्ये पॅरिसला निघाली. दोघी बहिणी मायदेशी परतल्यावर क्षयानेच गेल्या : आरू १८७४ मध्ये, तर तोरू १८७७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी.

१८६० चे सार्वमत : इटलीच्या एकीकरणासाठी ऑस्ट्रियाविरुद्ध फ्रान्सची मदत मिळविण्याच्या मोबदल्यात सॅव्हॉय व नीस हे प्रांत तिसऱ्या नेपोलियनला देण्याचे काव्हूरने १८५८ मध्ये मान्य केले. २४ मार्च १८६० रोजी तूरिन येथे तह झाला व १५–१६ एप्रिल रोजी नीसमध्ये सार्वमत घेण्यात आले. विलीनीकरणाच्या विरोधात पडलेली मते सर्व परगण्यात मिळून दोनशेही नव्हती. एवढे एकमत कोणत्याही जिवंत शहरात सहसा आढळत नाही. फ्रेंच सैन्य मतदानापूर्वीच येऊन दाखल झाले होते. नकाराच्या मतपत्रिका मिळतच नव्हत्या, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. तथापि डोंगराळ भागातील शेतकऱ्यांचा व्यवहार बराचसा फ्रान्सशी होता, शहरातील व्यापाऱ्यांना पॅरिसकडून येणाऱ्या रेल्वेची आस लागली होती आणि त्यामुळे विलीनीकरणास खरा पाठिंबाही पुष्कळ होता, हे नाकारता येत नाही. मते मोजली गेली ती इतक्या एकतर्फी रीतीने की, तो पाठिंबा नेमका किती होता हे पुढे कोणालाच सांगता आले नाही.

या व्यवहाराने सर्वांत अधिक दुखावला तो जूझेप्पे गॅरिबॉल्डी. तो नीस येथेच १८०७ मध्ये जन्मला होता आणि तूरिनच्या संसदेत नीसचाच प्रतिनिधी होता. ज्या इटलीसाठी आपण लढलो, तिने आपल्याच जन्मभूमीत आपणास परका केले, ही खंत त्याने संसदेत व बाहेर वारंवार व्यक्त केली. नीसला जाऊन मतपेट्या फोडण्याचा बेतही त्याने क्षणभर केला होता, असे त्याचा एक इंग्रज परिचित लिहितो. प्रत्यक्षात तो मे महिन्यात हजार स्वयंसेवकांनिशी सिसिलीला गेला. जोसेफ मॅझिनीच्या आत्मचरित्राचे सावरकरांनी केलेले मराठी भाषांतर (१९०७) व त्यासारखे ग्रंथ यांमुळे इटलीचा मुक्तिसंग्राम महाराष्ट्रातील वाचकांस जवळचा झाला; त्याच संग्रामाच्या हिशेबात नीस हे खर्ची पडलेले शहर होते. १८७१ च्या निवडणुकीत गॅरिबॉल्डीच्या पक्षपात्यांना नीसमध्ये मोठे यश मिळाले, तेव्हा तेथे दंगली झाल्या व त्या सैन्याच्या साहाय्याने मोडण्यात आल्या. इटालियन भाषेतील वृत्तपत्र बंद करण्यात आले आणि रस्त्यांची व माणसांची नावे हळूहळू फ्रेंच वळणाने लिहिली जाऊ लागली. जोझेफ-रोझालँद राँशे याने १८२३ मध्ये ला नेमाइदा हे विनोदी महाकाव्य ज्या नीसार बोलीत रचले, ती बोली शाळेतून हद्दपार झाली. आता ती काही वृद्धांच्या तोंडी, रस्त्यांच्या द्विभाषिक पाट्यांवर व उत्सवांतील गाण्यांत उरली आहे.

मोनॅकोची कथा याहून व्यावहारिक आहे. मँतों व रोकब्रून या गावांनी जाचक करांविरुद्ध बंड करून १८४८ मध्ये संस्थानाशी संबंध तोडला आणि १८६१ मध्ये राजा तिसरा शार्ल याने चाळीस लक्ष फ्रँक घेऊन त्यांवरील हक्क फ्रान्सला सोडून दिला. लिंबाच्या व ऑलिव्हच्या बागांचे उत्पन्न गेल्यामुळे संस्थानाजवळ उरला तो बहुतांशी खडकच. त्यावर उपाय म्हणून जुगाराचा परवाना देण्यात आला. पहिले मक्तेदार बुडाले, पण जर्मनीतील होम्बुर्ख येथे असाच धंदा यशस्वी केलेल्या फ्रान्स्वा ब्लांकने १८६३ मध्ये हे काम हाती घेतले. कॅसिनोभोवतीच्या टेकडीस १८६६ मध्ये ‘माँटी कार्लो’ म्हणजे शार्लचा डोंगर हे नाव मिळाले. १८६९ मध्ये प्रजेचा प्राप्तिकर रद्द झाला. मोनॅकोच्या नागरिकांना मात्र आपल्याच कॅसिनोत खेळण्याची बंदी होती. पाहुण्यांच्या दुर्गुणावर राज्य चालवावे, पण तो घरात शिरू देऊ नये, असा हा धोरणीपणा होता. शार्ल गार्निए या पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेले नाट्यगृह १८७९ मध्ये कॅसिनोलगतच उघडले. तेथे पुढे द्यागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळीने अनेक नव्या नृत्यनाट्यांचे पहिले प्रयोग केले.

रेल्वे कान येथे १८६३ मध्ये, नीसला १८६४ मध्ये व मोनॅकोला १८६८ मध्ये पोहोचली. पॅरिसहून घोडागाडीने कित्येक दिवस लागणारा प्रवास त्यामुळे एका दिवसाच्या आसपास आला आणि येथील पाहुण्यांची संख्या व जात दोन्ही बदलली. क्रिमियाच्या युद्धात पराभूत झालेल्या रशियाने १८५६ नंतर व्हीलफ्रांशच्या खोल बंदरात आपल्या नौकांसाठी सोय मिळविली होती; राजघराण्यातील मंडळीही हिवाळ्यात नीसला येऊ लागली. झार दुसरा अलेक्झांडर याचा थोरला मुलगा निकोलस हा १८६५ मध्ये नीस येथे निधन पावला. तो ज्या बंगल्यात वारला त्या जागी आधी प्रार्थनामंदिर व नंतर, १९१२ मध्ये, पाच घुमटांचे भव्य रशियन कॅथीड्रल उभे राहिले. चेकॉव्ह १८९७–९८ चा हिवाळा नीसमधील एका रशियन खाणावळीत राहिला होता. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी १८८२ मध्ये प्रथम मँतोंला आली आणि १८९५ ते १८९९ या पाच वर्षांत दर वसंतात नीसला राहिली. ‘काउंटेस ऑफ बॅल्मॉरल’ हे टोपणनाव ती धारण करीत असे. परंतु बरोबर मोठा लवाजमा व आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम यांसह हिंदी नोकर असल्याने ते नाव कोणाला फसवू शकले नाही. तिच्या सोयीसाठी सीमिएच्या टेकडीवर ‘रेजिना’ हे प्रचंड हॉटेल बांधण्यात आले. नीसच्या प्रसिद्ध कार्निव्हलला १८७३ मध्ये संघटित रूप देण्यात आले, तेही प्रामुख्याने या हिवाळी पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी.

हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे : पहिल्या महायुद्धापर्यंत मे महिना उजाडला की हॉटेले बंद होत व नोकरवर्ग उत्तरेकडील थंड हवेच्या ठिकाणी कामास जाई. उन्हाने रापलेली कातडी ही शेतकऱ्याची व कोळ्याची खूण मानली जाई. १९१४–१८ च्या युद्धाने जुना ग्राहकवर्ग नाहीसा केला : रशियन उमराव निर्वासित म्हणून परतले व त्यांपैकी काहींनी टॅक्सी चालविल्या. १९२० नंतर सूर्यस्नानाचे आरोग्यदृष्ट्या महत्त्व वैद्य सांगू लागले आणि पॅरिसच्या वेषभूषाकारांनी रापलेल्या रंगास प्रतिष्ठा दिली. १९२३ च्या उन्हाळ्यात जेरल्ड व सेरा मर्फी या अमेरिकन दांपत्याने अँतीबच्या भूशिरावरील हॉटेल आपल्यासाठी चालू ठेवावयास लावले. त्यांच्या मित्रमंडळींत पिकासो व स्कॉट फिट्सजेरल्ड हे होते. फिट्सजेरल्डच्या टेंडर इज द नाइट (१९३४) या कादंबरीतील किनारा तोच. पुढील आठ-दहा वर्षांतच ऋतूंचा क्रम उलटला आणि पर्यटनाचा मुख्य हंगाम उन्हाळा हा ठरला. १९३६ मध्ये फ्रान्समधील लोकपक्षीय आघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा व सवलतीचे रेल्वे तिकीट दिल्यावर ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी कुटुंबे येथे येऊ लागली. जुन्या पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. परंतु या किनाऱ्याच्या सामाजिक इतिहासात ती घटना कोणत्याही राणीच्या आगमनापेक्षा लहान नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये मँतों व नोव्हेंबर १९४२ मध्ये व्हारपलीकडचाही बराच भाग इटलीने व्यापला. इटालियन अधिकाऱ्यांनी ज्यूंना पकडून देण्यास नकार दिल्याने हजारो ज्यू निर्वासित नीसमध्ये जमले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवताच जर्मन सैन्य आत शिरले. आलॉइस ब्रुनर या एस. एस. अधिकाऱ्याने स्थानकाजवळच्या एका हॉटेलात ठाणे मांडून धरपकड आरंभिली. सुटीचे प्रवासी जेथे उतरत, त्याच खोल्यांतून माणसे द्रांसीच्या छावणीकडे व तेथून आउश्व्हिट्सला पाठविली गेली. १५ ऑगस्ट १९४४ रोजी दोस्त सैन्ये सँ-राफाएल ते सँ-त्रोपेच्या परिसरात उतरली आणि २८ ऑगस्टला नीसच्या नागरिकांनी उठाव करून शहर मुक्त केले.

कला व संस्कृती : आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात या किनाऱ्याचे स्थान असाधारण आहे. पोल सिन्याक १८९२ मध्ये सँ-त्रोपेला आला. १९०४ च्या उन्हाळ्यात मातीस त्याच्याकडे राहिला. रन्वारने १९०७ मध्ये कान्य येथील एक ऑलिव्हची बाग विकत घेतली, ती प्रामुख्याने जुनी झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी त्याने तेथे अखेरपर्यंत (१९१९) चित्रे काढली. मातीस १९१७ च्या अखेरीस नीसला आला तो कायमचाच. पुढे त्याने बिऱ्हाड केले ते व्हिक्टोरियाच्या त्याच ‘रेजिना’ इमारतीत, कारण हॉटेल डबघाईस येऊन तिच्या सदनिका पाडल्या गेल्या होत्या. व्हांस येथील प्रार्थनामंदिर (१९५१) ही त्याची उत्तरकालीन थोर कृती होय. पिकासोने १९४६ मध्ये अँतीबच्या ग्रीमाल्दी गढीत चित्रे काढली व नंतर व्हालोरीच्या कुंभारांबरोबर मातीकाम केले. त्या मरगळलेल्या गावचा धंदा त्यामुळे पुन्हा सावरला. चंडीगढचा शिल्पकार ल कॉर्ब्यूझ्ये याने रोकब्रूनच्या किनाऱ्यावर स्वतःसाठी लाकडाची एकखणी झोपडी बांधली होती. तेथेच पोहत असता १९६५ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

कानचा चित्रपट महोत्सव १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू व्हावयाचा होता. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर स्वारी केल्याने तो १९४६ पर्यंत लांबला. त्या पहिल्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालेल्या चित्रपटांत चेतन आनंद यांचा नीचा नगर हा होता. शाहीर होनाजी बाळा यांच्या जीवनावरील व्ही. शांताराम यांचा अमर भूपाळी १९५२ च्या महोत्सवात स्पर्धेसाठी होता, तर पायल कपाडिया यांच्या ऑल वी इमॅजिन ॲज लाइट या चित्रपटास २०२४ मध्ये ‘ग्राँ प्री’ हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले. त्याचा उत्तरार्ध रत्नागिरीकडील समुद्रकाठच्या खेड्यात घडतो.

ग्रास येथील सुगंधी द्रव्यांचा धंदा पर्यटनाहून जुना आहे. चामडे कमावणाऱ्यांनी हातमोज्यांचा उग्र वास घालविण्यासाठी सोळाव्या शतकात फुलांचे अर्क वापरण्यास आरंभ केला आणि पुढे अर्क हाच मुख्य व्यवसाय झाला. जाई, गुलाब व निशिगंध यांची शेती जमिनीच्या वाढत्या किमतींपुढे फार आकुंचित झाली आहे. २०१८ मध्ये या कौशल्याचा समावेश यूनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. नीसचे खाद्यपदार्थ फ्रेंचपेक्षा लिग्युरियन वळणाचे आहेत. ‘सोका’ हा हरभऱ्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेलात भट्टीवर भाजलेला पातळ पदार्थ जुन्या शहरात गरमागरम विकला जातो. मराठी माणसास त्यात बेसनाच्या धिरड्याचा भास होतो, फक्त हळद-मिरचीऐवजी वर मिरपूड असते.

अलीकडील काळ : १९५६ मध्ये सँ-त्रोपे येथे चित्रित झालेल्या ब्रिझीत बार्दोच्या चित्रपटाने कोळ्यांचे ते गाव रातोरात प्रसिद्धीस आणले. त्यानंतरच्या तीस वर्षांत किनाऱ्याचा बराचसा भाग इमारती, नौकातळ व मोटाररस्ते यांनी व्यापला. नीस विमानतळालगत समुद्रात घातलेल्या भरावाचा भाग १६ ऑक्टोबर १९७९ रोजी खचून कामावरील माणसे दगावली व अँतीबच्या किनाऱ्यावर लाट आदळली. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणारा कायदा १९८६ मध्ये झाला. तोवर मोकळी जागा थोडीच राहिली होती. पोर-क्रो बेट मात्र १९६३ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले आहे. घरांच्या किमती बाहेरच्या धनिकांनी वाढविल्यामुळे हॉटेलांत व बागांत राबणाऱ्यांना किनाऱ्यापासून दूर, दऱ्याखोऱ्यांतील वस्त्यांतून रोज ये-जा करावी लागते. १४ जुलै २०१६ रोजी राष्ट्रीय दिनाचे शोभेचे दारूकाम पाहून परतणाऱ्या जमावावर प्रोमनाद देझांग्लेवर मालमोटार घालण्यात आली. त्या दहशतवादी हल्ल्यात ८६ जण ठार झाले. ल्यूइस वेच्या मजुरांनी बांधलेल्या त्या रस्त्यावर मृतांचे स्मारक उभारले आहे.

२०२१ मध्ये यूनेस्कोने नीसचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. नोंद आहे ती ‘रिव्हिएरावरील हिवाळी विश्रामनगर’ या नावाने, आणि तीत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पाहुण्यांसाठी वाढलेला शहराचा भाग येतो. कान, मँतों व किनाऱ्यावरील इतर गावे तीत अंतर्भूत नाहीत.